शांतावैनीचा बसचा खेळ

शांतावैनी बोलता बोलता मध्येच थांबायची. वाक्य अर्धं राहायचं, हात जवळ असेल त्यावर टेकायचा, मग ते शिलाईचं यंत्र असो, दाराची चौकट असो की माझा खांदा. डोळे समोरच्या उसात कुठेतरी लागायचे. लांबून तिला कुणी हाक मारतंय आणि ती कान देऊन ऐकतेय, असं वाटायचं. मग ती हळूच श्वास सोडायची आणि वाक्य जिथे टाकलं होतं तिथूनच उचलायची. गावात तिला विसराळू म्हणत. मीही बराच काळ तेच समजत होते.

ती माझ्या चुलतभावाची, विठ्ठलदादाची बायको. आमच्या मॉरिशसच्या मराठीत वहिनीला वैनी म्हणतात. दादा साखर कारखान्याच्या लॉरीवर ड्रायव्हर होता. त्यांचं घर सें पिएरच्या पलीकडे, एका वाडीच्या अगदी टोकाला. पत्र्याचं छप्पर, पुढे छोटी पडवी आणि तिन्ही बाजूंनी ऊस. ऊसतोडणीचे महिने, ज्यांना आम्ही सगळे ‘लाकूप’ म्हणतो, ते सुरू झाले की वाडी पहाटेच रिकामी व्हायची. बायका-पुरुष सगळे शेतात. मागे राहायच्या कोंबड्या, दोन-चार म्हातारी माणसं, आणि टोकाच्या घरात शिलाई करणारी वैनी नि तिची उमा.

मी रोझ हिलच्या एका शाळेत मराठी शिकवायची. पुण्याला दोन वर्षं राहून शिकून आले होते, त्यामुळे माझी मराठी फार सरळ आणि माझा तोराही तसाच. दर शनिवारी मी वैनीकडे जायची. कारण सांगायचं तर उमा. चार वर्षांच्या त्या पोरीला माझ्या तिसरीतल्या मुलांपेक्षा वाचनाची जास्त गोडी होती आणि ती कशी लागली हे मला, शिकलेल्या मास्तरणीला, कळत नव्हतं.

वैनी स्वतः सहावीपर्यंत शिकलेली. मराठी अक्षरं ती गावच्या बैठकेत, संध्याकाळच्या वर्गात शिकली होती. चिनी दुकानदाराच्या बुतिकमधून ती पिठाच्या रिकाम्या कागदी पिशव्या मागून आणायची. त्या झटकून, इस्त्री फिरवून, सारख्या कापायच्या आणि मधोमध यंत्राची एक टीप मारायची, की झालं पुस्तक. गोष्ट उमाने सांगायची, वैनीने मोठ्या अक्षरात लिहायची. पण प्रत्येक पानावर एका शब्दाची जागा वैनी रिकामी सोडायची आणि तिथे उमाने चित्र काढायचं. हळद, बीट आणि कपड्यांची नीळ हे त्यांचे रंग. पहिलं पुस्तक मला अजून आठवतं. एक बकरी कारखान्याच्या साहेबाची टोपी खाते, एवढीच गोष्ट. पण बकरी प्रत्येक पानावर जाडी होत जायची, शेवटच्या पानावर तर तिच्या शिंगांना जागाच उरली नव्हती.

वाचताना गोष्ट रंगात आली की वैनी उठायची. “भात लागेल माझा,” म्हणून सरळ चुलीकडे. उमा तिच्या मागे पाय आपटत.

“पूर्ण तरी कर ना,” मी एकदा म्हटलं.

“पोट भरलं की पोर पानावरून उठतं,” वैनी म्हणाली. “थोडी भूक राहू दे. सांजेला आपणच पान मांडील.”

मी पुण्याहून आणलेलं रंगीत चित्रांचं पुस्तक उमाला दिलं, तेव्हा ते तिने दोनदा उलटून पाहिलं आणि मला परत केलं. “यात माझं काय हाय?” मला राग आला. वैनीने ते पुस्तक उघडं ठेवलं, त्यातल्या छत्रीवाल्या मुलाकडे बोट केलं आणि विचारलं, “ह्याला कुणी सांगितलं का, की आपल्याकडे असल्या वाऱ्यात छत्री टिकत नाय? तू कळव त्याला.” त्या दुपारी उमाने त्या मुलाला पत्र लिहायला घेतलं. लिहिलं वैनीने, पण सही उमाची. मग त्याचं उत्तर येतंय का ते बघायला ती रोज ते पुस्तक उघडू लागली आणि रोज कुठल्या ना कुठल्या पानात तिला वैनीच्या अक्षरातली एक चिठ्ठी सापडू लागली.

हे सगळं मी हौसेने माझ्या शाळेत सांगायची. तोवर ते सुखाचंच होतं.

सत्तरीचं दशक निम्मं सरलं असेल. एका बुधवारी वैनी एकटीच रोझ हिलला आली आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभी राहिली. मला म्हणाली, डॉक्टरकडे जायचंय, तो भरभर फ्रेंच बोलतो, तू चल. डॉक्टर वयस्कर होता. नळी छातीला लावून तो बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने जागा बदलली आणि पुन्हा ऐकलं. भिंतीवरच्या घड्याळाची टकटक मला एकाएकी फार मोठी वाटायला लागली.

लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली होती. ओझं उचलायचं नाही, दुसरं मूल होऊ द्यायचं नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत. केव्हा घेरी येऊन पडेल आणि पडल्यावर उठेल की नाही, ते सांगता येत नाही. शेवटी तो म्हणाला, “एकट्या राहू नका.”

बाहेर झाडाखाली बाक होता. मी तिला डॉक्टरचं बोलणं समजावून सांगायला लागले. तिने हात वर करून मला थांबवलं. तिला सगळं कळलं होतं. ती थोडा वेळ रस्त्यावरच्या बसगाड्या बघत बसली आणि मग अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, “पाच वर्षांचं पोर किती वाचू शकतं गं?”

आणि मी, मूर्ख बाई, उत्तर देत बसले. अक्षरओळख, जोडाक्षरं, वय, सगळं सांगितलं.

निघताना तिने माझं मनगट धरलं. “तुझ्या दादाला सांगायचं नाय. लॉरी सोडून घरी बसेल तो. मग खायचं काय?” मी मान हलवली. त्या मान हलवण्याचं ओझं माझ्यावर अजून आहे.

पुढच्या शनिवारी गेले तर पडवीत दोन खुर्च्या आणि एक बाक एकामागे एक मांडलेला. मक्याच्या कणसांच्या बाहुल्या प्रवासी. उमा कंडक्टर. पुठ्ठ्यांवर निळीने लिहिलेल्या पाट्या होत्या, सें पिएर, रोझ हिल, गुडलँड्स, पोर्ट लुई, खऱ्या बसवर असतात तशा रोमन अक्षरांत. वैनीने पाटी वर धरायची, उमाने वाचायची, आणि बरोबर त्या गावच्या बाहुलीला हाताला धरून चढवायचं. गुडलँड्सला जाणारी बाहुली कापडाच्या कारखान्यात कामाला होती आणि तिला नेहमी उशीर व्हायचा. तिचे तेच ते बहाणे ऐकून आम्ही तिघी हसून लोळायचो.

मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की खेळातली एक छोटी बाहुली दर वेळी रोझ हिललाच जाते. ती उतरते, उजवीकडे वळते, औषधाच्या दुकानाची पाटी वाचते, मग शाळेची पाटी वाचते. शाळा माझी होती.

आणि एका शनिवारी नवी बाहुली आली. कणसाच्या पिवळ्या मिशांचे लांब केस, लुगड्याची चिंधी. ती बाईबाहुली वैनीने चुलीजवळ आडवी केली.

“आई झोपली,” वैनी म्हणाली. “हाक मारली, उठली नाय. गुदगुल्या केल्या, उठली नाय. आता छोटी काय करील?”

“पाटी घेईल!” उमा उड्या मारत ओरडली. “बस धरील! आत्याकडं जाईल!”

“आणि रडली तर?”

“रडली तर औट!”

उमा खिदळत होती. मी वैनीला परसात नेलं. “हा काय खेळ आहे? शेजारी कुणाला तरी हाक मारायला शिकव तिला.”

“लाकूपात शेजारी हाय कोण? आणि समजा कुणी आलं. मी गेलेली असेन. माझ्यापाशी बसून पोर रडेल, सांजेपर्यंत. ते मला नको. तिनं तुझ्यापाशी पोचावं.”

“मग खरं सांग तिला.”

“भीती घालून शिकवलं, तर त्या दिशी तिला भीतीच आठवेल. अक्षर नाय आठवायचं.” एवढं बोलून ती थांबली. हात भिंतीवर, डोळे उसात. मी आता विसराळू म्हणत नव्हते. मी मनात आकडे मोजत होते. नवापर्यंत मोजल्यावर ती म्हणाली, “चल, भात लागेल.”

नंतर तिने उमाची परीक्षाही घेतली. सें पिएरच्या थांब्यावर तिला पुढे घालून म्हणाली, आज तू मला आत्याकडे ने. उमाने बस निवडली ती पोर्ट लुईची. वैनी निमूट चढली. मी रोझ हिलच्या स्टँडवर दोन तास उभी. त्या आल्या तेव्हा उमा फुशारून सांगत होती की आधी ‘पी’ असतो ते पोर्ट लुई, आणि तिथे बंदरात मोठी जहाजं असतात. वैनीचे ओठ जांभळे पडले होते. “वाटेत सांगता नसतं आलं तुला?” मी चिडून विचारलं. “सांगितलं असतं तर उद्या विसरली असती,” ती म्हणाली आणि स्टँडच्या पायरीवर बसली. बऱ्याच वेळाने उठली.

त्यानंतर दर शनिवारी उमाच तिला घेऊन यायची. त्या मार्गाचे कंडक्टर उमाला नावाने ओळखू लागले.

तो ऑगस्ट होता. सें पिएरकडे थंडीत पडतो तसा बारीक चिखल करणारा पाऊस सकाळपासून लागला होता. उमाला पाच पूर्ण व्हायला दीड महिना होता, जानेवारीत ती शाळेत जाणार होती. मी तिसरीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होते. मुलं एकदम गप्प झाली म्हणून वळून पाहिलं.

दारात उमा उभी. केस ओले, गळ्यात सुतळीने बांधलेली रोझ हिलची पाटी, निळीचे ओघळ फ्रॉकवर. चेहरा आनंदाने फुललेला.

“आत्या! मी जिंकले! आज आईनं लय चांगला खेळ केला. गुदगुल्या केल्या तरी उठली नाय!”

खडू माझ्या हातात मोडला. मी विचारलं, तुझ्याबरोबर कोण आहे? कुणी नव्हतं. कंडक्टरने तिला विचारलं होतं, “कोत तो मामा?” तुझी आई कुठाय? तर ही म्हणाली, झोपलीय, आत्या समोर उभी असेल. त्याने हसून तिला एका बाईच्या मांडीवर बसवलं होतं. कसं न हसेल? पोर गात होती.

हेडमास्तरांनी फोन फिरवले. एका सहकाऱ्याने गाडी काढली. सें पिएरच्या रस्त्यावर आमच्यापुढे उसाच्या लॉऱ्या, एकामागे एक, गोगलगायीसारख्या. त्यातली एखादी दादाची असेल, असं प्रत्येक लॉरी ओलांडताना मनात यायचं. उमा माझ्या मांडीवर बसून रस्त्यावरची पाटी न् पाटी मोठ्याने वाचत होती. पावाचं दुकान. चर्च. पोलीस. एकही चुकत नव्हती. प्रत्येक शब्दानंतर ती माझ्या तोंडाकडे बघायची, शाबासकीसाठी, आणि मी म्हणत होते, “शाब्बास. शाब्बास.”

घराचं दार सताड उघडं. चुलीवरचं भांडं आटून काळं पडलेलं. जमिनीवर ओढल्याची खूण. वैनी नव्हती.

ती आम्हाला उसात सापडली. दोन सऱ्यांच्या मध्ये गुडघ्यांवर, हातांनी पाचट बाजूला करत. शुद्धीवर आली तेव्हा घरात पोर नव्हती, आणि त्या उसाच्या पलीकडे पाण्याचं जुनं टाकं होतं. ती उमाला हाका मारत होती, पण आवाज नुसता वाऱ्यासारखा येत होता. पाटी ठरल्या जागी नाही, हे बघायचं तिला सुचलंच नव्हतं. स्वतःचा खेळ तिला त्या घडीला आठवला नव्हता.

उमाने तिला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. “आई, तू खेळ मोडलास. तू उठायचं नव्हतं.”

वैनीने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कुणाला सांगू शकलेले नाही, इथेही सांगता येणार नाही.

इस्पितळात ती दोन आठवडे होती. दादाला सगळं कळलं. तो कारखान्याच्या कपड्यांतच वॉर्डच्या दाराशी बसून राहिला. एकदाच म्हणाला, “मला परकं केलंस?” वैनी म्हणाली, “चूक झाली.” उमाला मात्र वैनीने घरी आल्यावर स्वतः सांगितलं, मांडीवर घेऊन, की तो खेळ नव्हता, आईच्या छातीत दुखणं आहे, आणि उमाने फार मोठं काम केलं. माझ्या सल्ल्याने सांगितलं. उमाने सगळं ऐकून घेतलं आणि उठून गेली.

पुढच्या शनिवारी मी स्वयंपाकघरात गेले आणि मला आधी कळेना काय बदललंय. मग दिसलं. फळीवरचे सगळे डबे भिंतीकडे तोंड करून ठेवलेले. चहा, दूध, बिस्किटं, एकाचंही नाव दिसत नव्हतं. कॅलेंडर उलटं टांगलेलं. पिशव्यांची पुस्तकं कुठेच नव्हती, ती नंतर कोंबड्यांच्या खुराड्याखाली सापडली. मी हातातलं पुस्तक पुढे केलं तर उमाने दोन्ही हातांनी डोळे झाकले. “मो पा ले! मो पा ले!” नको, नको.

“वाचलं की आई पडते, असं तिला वाटतंय,” वैनी म्हणाली. तिचा चेहरा त्या महिन्याभरात निम्मा झाला होता. “मीच केलं. खेळणाऱ्या वासराच्या पाठीवर मी गोण लादली. आपल्या कामाची गोण.”

मला वाटलं, आता संपलं. शाळेत अशी मुलं मी पाहिली होती, एकदा अक्षराची धास्ती बसली की वर्षं जातात. वैनीने मात्र डबे सरळ केले नाहीत. उलट घरातले सगळे डबे घेतले, सगळ्यांना एकसारखा तपकिरी कागद गुंडाळला आणि फळीवर मांडले. दुसऱ्या सकाळी तिने दादाच्या चहात मीठ घातलं.

दादाने घोट घेतला आणि अंगणात थुंकला. “बायको मला मारतेय!” वैनी शपथेवर सांगत होती की डबे सगळे सारखेच, ती तरी काय करणार. दुपारी डाळ गोड झाली. रात्रीच्या भाकऱ्या मैद्याच्या झाल्या. तिसऱ्या दिवशी उमाने हसू दाबलं. चौथ्या दिवशी तिने नीळ घेतली आणि एका डब्यावर ठिपके काढले.

“हे काय? पाऊस?” वैनीने विचारलं.

“साखर!”

“मला पाऊसच दिसतो. पाऊस घालते चहात.” आणि पुन्हा मीठ.

हे आठवडाभर चाललं. ढग, मुंग्या, वाळू, वैनीला साखर सोडून सगळं दिसायचं. शेवटी एका दुपारी उमा संतापून रडकुंडीला आली आणि तिने त्या डब्यावर, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत, ‘साखर’ लिहिलं. ‘र’ उलटा होता. वैनीने तो शब्द वाचला, डबा खाली ठेवला आणि पदराने तोंड झाकून घेतलं. मला वाटलं घेरी आली. ती रडत होती.

त्यानंतर तिने उमाबरोबर जे जे केलं त्याला कसलाही उपयोग नव्हता. ती तसं बजावूनच सांगायची. वाकड्या बाहुल्या, न जमलेले पतंग, गणेशचतुर्थीला उंदराने देवाविरुद्ध लिहिलेल्या तक्रारी. उमा शाळेत गेली, पहिली झाली, दुसरी झाली, पुस्तकं खाऊ लागली. वैनी वाळत गेली. दादाची मावशी येऊन घरात राहिली होती, आता वैनी एकटी नसायची. पण वाक्याच्या मधली थांबण्याची वेळ वाढत चालली होती. मी मोजायचं सोडून दिलं होतं. वीसच्या पुढे मोजवत नाही.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यातलं चक्रीवादळ. उमा नऊ वर्षांची. रेडिओने दोन नंबरचा इशारा दिला तेव्हा मी त्या सगळ्यांना माझ्या सिमेंटच्या घरी आणायला गेले. दादा खिडक्यांवर फळ्या ठोकत होता. आत भर दुपारी अंधार, आणि घासलेटच्या दिव्याशी मायलेकी वहीवर वाकलेल्या. आता उमा लिहायची आणि वैनी चित्रं काढायची. छपरावरचा एक कोंबडा वाऱ्याने उडून समुद्रावर गेला होता, अशी काहीतरी गोष्ट चालली होती.

वैनी यायला तयार नव्हती. बसपर्यंतचा चढ तिला झेपणार नव्हता आणि उचलून नेलेलं तिला चालणार नव्हतं. दादा नि मावशी तिच्यापाशी राहणार होते. “उमाला ने,” ती म्हणाली. “शेवटची बस हाय.”

दोन दिवस रस्ते बंद होते. तिसऱ्या दिवशी दादा पडलेली झाडं ओलांडत सें पिएरहून रोझ हिलपर्यंत चालत आला. फाटकाशी उभा राहून म्हणाला, “वारा थांबल्यावर गेली. पहाटे. तोवर टिकली.” उमा त्या वेळी टेबलाशी लिहीत बसली होती.

पण मी वैनीला शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी. आम्ही वाडीतून निघालो तेव्हा ऊस जमिनीला टेकत होता आणि पत्रे कण्हत होते. वैनी दारात उभी, एक हात चौकटीवर, दुसऱ्या हाताने उडणारा पदर दाबलेला. वळणावर उमा थांबली आणि वाऱ्यात जिवाच्या आकांताने ओरडली, “आई! कोंबडा उतरतो कुठं?”

वैनी ऐकत होती, तशीच, उसाकडे बघत. मी उमाचा हात घट्ट धरला. मग वैनीने पदर सोडला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि तिच्या छातीत जेवढा होता तेवढा सगळा आवाज काढून ओरडली, “मला काय ठाव? लिही नि मला सांग!”

उमाने हात हलवला आणि बसकडे पळत सुटली.